नकाराचाही मान राखणारा विभाग

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

प्रत्यारोपण विभाग कशासाठी असतो? प्रतीक्षा यादीतल्या रुग्णाला जगवण्यासाठी, हे तुम्ही झोपेतही सांगाल. पण विभागाची खरी परीक्षा होते ती आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या दुसऱ्या घरासमोर.

अपघातात डोक्याला मार लागलेला मुलगा. व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होतेय, मॉनिटरवर ठोके दिसताहेत, आणि आपण सांगतो, तो गेला. आई म्हणते, "अहो, हात गरम आहे त्याचा!" तिच्याशी वाद घालू नका. घरच्यांना बघायचं असेल तर अ‍ॅप्निया टेस्टच्या वेळी त्यांना आत घ्या. व्हेंटिलेटर बाजूला करतात, नळीतून प्राणवायू चालू असतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि सगळ्यांच्या नजरा छातीवर असतात. मेंदूच्या श्वास चालवणाऱ्या भागात थोडी जरी धुगधुगी असती, तर श्वास आला असता. तो येत नाही.

अवयव प्रत्यारोपणाच्या 1994च्या कायद्यानुसार मेंदूमृत्यूवर चार डॉक्टरांच्या सह्या लागतात, तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात आणि त्या चौघांत प्रत्यारोपण करणारा एकही नसतो. गरिबांच्या किडन्या उघडउघड विकत घेतल्या जात होत्या, त्या काळातून हा कायदा आला. तेव्हा या अटींचा कंटाळा करू नका.

मृत्यूची बातमी आणि अवयवदानाचा प्रश्न एका दमात कधीच सांगू नका. रडू द्या. गावाहून काका यायचे असतील तर येऊ द्या. हृदयाला चार ते सहा तास मिळतात, पण ते घड्याळ हृदयाचा रक्तपुरवठा थांबवल्यावर सुरू होतं. तोवर शरीर सांभाळणं हे आयसीयूचं काम. त्याची घाई आईच्या माथी मारायची नाही.

आणि घरचे "नको" म्हणाले तर? तर पंचनामा, शवविच्छेदन, शववाहिका यांसाठी तितकीच धावपळ करा, जितकी "हो" म्हणणाऱ्यांसाठी केली असती. आपल्या देशात दहा लाख लोकांमागे मरणोत्तर दाता एकही भरत नाही. माझं ठाम मत आहे, की ही संख्या पोस्टर लावून वाढणार नाही. नकार देऊनही सन्मानाने वागवलेलं घर गावात काय सांगतं, त्यावर ती वाढेल.

जिवंत दात्यांचंही तेच. त्यांत बायका जास्त, हे तुम्हाला ठाऊक आहे. नवऱ्याला किडनी द्यायला आलेल्या बाईला एकटीला आत बोलवा, दार लावा आणि विचारा. तिला द्यायची नसेल, तर बाहेर एवढंच सांगा, "दाता म्हणून या योग्य नाहीत." खरं कारण तिच्या फाइलबाहेर जाता कामा नये. तिला त्याच घरात परत जायचंय.

तुमच्यातले बरेच जण जिल्ह्याच्या ठिकाणी जातील, जिथे प्रत्यारोपण होत नाही. त्याच कायद्यातल्या 2011च्या दुरुस्तीनंतर अशा रुग्णालयांनाही नोंदणी करून अवयव काढता येतात. मेंदूमृत्यू ओळखणं, अवयवदान समन्वय केंद्राला कळवणं आणि त्या आईजवळ खुर्ची ओढून बसणं, हे तिथे तुम्हालाच करावं लागेल. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या भागातल्या समन्वय केंद्राचा नंबर आयसीयूच्या फोनशेजारी लिहून ठेवा.

पदवीबद्दल तुमचं आणि तुमच्या आईवडिलांचं मनापासून अभिनंदन.