आमच्या वॉर्डाचे मतदार



१८८८ च्या कायद्याने मुंबई महापालिकेत ७२ पैकी अवघे ३६ सभासद वॉर्डांतून निवडले जात. मतदार मुख्यतः करदाते. १९२२ साली दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्यास मताधिकार मिळाला. आमच्या आजोबांच्या गिरगावातील खोलीचे भाडे साडेचार रुपये! म्हणजे यादीत घरमालक होता, चाळ नव्हती. १९४८ साली प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली. त्या दिवशी आजी ठेवणीतले लुगडे नेसून रांगेत उभी होती, असे वडील सांगत; आजोबा मात्र ते पाहण्यास उरले नव्हते. १९९२ साली स्त्रियांसाठी जागा राखीव झाल्या, तेव्हा मतदान केंद्रावर शाई लावण्याचे काम माझ्याकडे होते. चाळीतील बहुतेक बोटे मी ओळखीत होतो. आज आपल्यापैकी कित्येकांची नावे डोंबिवली-विरारच्या यादीत आहेत, माझेही.