मिररलेस घेऊ का? मांडव्याहून आलेला एक प्रश्न

आजचा एपिसोड एका व्हॉइस नोटमुळे होतोय. मांडव्याच्या बाजूचा आपला एक श्रोता आहे. लग्नाचे आणि प्री-वेडिंगचे फोटो काढतो. त्याच्याकडे निकॉनचा डी ७५० आहे, एक २४-१२० लेन्स आणि एक ८५ एमएमची जुनी, डी सिरीजची लेन्स. तो म्हणतो, "दादा, आता पार्टीच विचारते, मिररलेस आहे का? दिवाळीत ईएमआयवर घेऊन टाकू का?"

म्हणजे प्रश्न कॅमेऱ्याचा आहे आणि कर्जाचाही. दोन्हींवर बोलू.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. कंपन्यांचा निर्णय झालेला आहे. पॅनासॉनिकचा जी १ आला २००८ मध्ये, सोनीचा ए ७ आला २०१३ मध्ये, आणि २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन दोघंही फुल फ्रेम मिररलेसमध्ये उतरले. पेंटॅक्ससारखा अपवाद सोडला तर नवीन काम सगळं तिकडेच चाललंय. त्यामुळे 'पुढे काय टिकणार' हा वादच उरला नाही. पण कंपनीचं पुढचं दशक वेगळं आणि तुमचा पुढचा सीझन वेगळा.

आता फरक काय ते बघू. डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असतो. तो प्रकाश वर व्ह्यूफाइंडरकडे पाठवतो आणि क्लिक केलं की उचलला जातो. मिररलेसमध्ये तो आरसाच नाही. सेन्सरला जे दिसतं तेच तुम्हाला छोट्या स्क्रीनवर दिसतं.

याचा फायदा बघायचा तर थंडीत गेटवे ते मांडवा लाँचमध्ये बसा. मागे सीगल्स लागलेले असतात. पांढरा पक्षी, मागे उजळ आकाश. अशा वेळी कॅमेऱ्याचं मीटर फसतं आणि पक्षी राखाडी येतो. डीएसएलआरवर हे फोटो काढल्यावर कळतं, मिररलेसवर क्लिक करायच्या आधीच दिसतं. दुसरा फायदा फोकसचा. डी ७५० चे ५१ फोकस पॉइंट फ्रेमच्या मध्यभागी गोळा झालेत. निकॉनच्याच झेड ६ मध्ये २७३ पॉइंट आहेत आणि ते जवळजवळ पूर्ण फ्रेमभर पसरलेत. अंतरपाट खाली येतो त्या क्षणी नवरी फ्रेमच्या कडेला असेल, तरी कॅमेरा तिचा डोळा पकडतो.

तिसरा फायदा आवाजाचा. किहीम इथून जवळच. तिथे सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला, १९३१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. घरटी विणणाऱ्या पक्ष्यांजवळ आरशाची खटखट नको वाटते. सायलेंट शटर तिथे खरंच उपयोगी. फक्त लग्नाच्या स्टेजवर ते जपून वापरा. एलईडी लाइटमध्ये फोटोवर पट्टे येतात. तिथे मेकॅनिकल शटरच बरं.

आता खर्चाची बाजू. इथे बरेच जण फक्त बॉडीची किंमत बघतात.

एक, बॅटरी. प्रमाणित चाचणीत डी ७५० एका चार्जवर १२३० फोटो देतो, झेड ६ देतो ३१०. प्रत्यक्षात दोन्हींचे जास्त निघतात, पण हळदीपासून पाठवणीपर्यंत एका बॅटरीवर निभावणार नाही. जादा बॅटऱ्या हिशोबात धरा.

दोन, लेन्स. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सपासून सेन्सरचं अंतर ४६.५ मिलिमीटर आहे, नव्या झेड माउंटमध्ये १६. मधली जागा आरशाची होती. एफटीझेड अडॅप्टर तेवढीच जागा भरून काढतो, म्हणून जुनी लेन्स नव्या बॉडीवर चालते. उलटं होत नाही. तुमची २४-१२० ही एएफ-एस असेल तर ती ऑटोफोकससकट चालेल. पण ८५ डी ला स्वतःची मोटर नाही. ती बॉडीतल्या मोटरवर फिरते आणि त्या अडॅप्टरमध्ये मोटर नाही. म्हणजे फोकस हाताने करावा लागणार. पोर्ट्रेटसाठी तीच लेन्स वापरत असाल तर नवी ८५ सुद्धा याच खर्चात आली.

तीन, कार्ड. हे नीट ऐका. स्वस्तात सेकंडहँड मिळते म्हणून पहिली झेड ६ घ्यायला जाल, तर तिच्यात एकच कार्ड स्लॉट आहे. तुमच्या डी ७५० मध्ये दोन आहेत. कार्ड गेलं तर मंगलाष्टकं परत म्हणायला कोण उभं राहणार? २०२० च्या झेड ६ टू मध्ये दोन स्लॉट आहेत. लग्नाच्या कामाला त्याच्या खाली उतरू नका.

चार, आपला समुद्र. डीएसएलआरमध्ये लेन्स काढली तर समोर आरसा असतो. बऱ्याच मिररलेसमध्ये थेट सेन्सर उघडा पडतो. मांडव्याच्या वाऱ्यात वाळूही असते आणि खारही. लेन्स गाडीत किंवा खोलीत बदला, जेट्टीवर नाही.

आणि पाच, पाऊस. जूनपासून गेटवेच्या लाँच बंद. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली, त्यामुळे माणसं गाडी घेऊन येतात. पण भर पावसात किनाऱ्यावर प्री-वेडिंग कोण करणार? त्यात चातुर्मास, लग्नाचे मुहूर्तही नसल्यासारखेच. बँकेला मात्र चातुर्मास नसतो. हप्ता बारा महिने जातो. तेव्हा हप्ता परवडेल का हे डिसेंबरच्या कमाईवरून ठरवू नका, ऑगस्टच्या कमाईवरून ठरवा.

मग करायचं काय? मी ऑफिसात सॉफ्टवेअर लिहितो. चालू सिस्टिम आम्ही एका रात्रीत बदलत नाही. काही दिवस जुनी आणि नवी शेजारी-शेजारी चालवतो. तुम्हीही तेच करा. तुळशीची लग्नं लागली की सीझन सुरू होईल. एका खऱ्या लग्नासाठी मुंबईहून बॉडी आणि अडॅप्टर भाड्यानं आणा, डी ७५० गळ्यातच असू दे. घरी आल्यावर दोन याद्या करा. पहिली, जे फोटो जुन्या कॅमेऱ्यानं हुकले असते आणि पार्टीने अल्बमसाठी निवडले. दुसरी, मिररलेस नाही म्हणून या वर्षी हातातून गेलेली कामं. नुसतं विचारून गेलेले धरू नका, खरोखर दुसरीकडे गेलेले धरा.

दोन्ही याद्या रिकाम्या असतील तर कॅमेरा थांबू शकतो. याद्या भरल्या तर घ्या, बिनधास्त घ्या, पण डी ७५० विकू नका. जुन्या डीएसएलआरला आता फारसा भाव येत नाही, आणि दुसरी बॉडी म्हणून त्याची किंमत तुमच्यासाठी कितीतरी जास्त आहे. आणि जे आत्ता शिकायला सुरुवात करतायत, त्यांनी हेच उलट्या बाजूनं बघा. सेकंडहँड डीएसएलआर इतका चांगला आणि इतका स्वस्त आधी कधी मिळत नव्हता.

पार्टीने परत विचारलं, "मिररलेस आहे का?" तर मोबाइल काढा आणि गेल्या महिन्यातला अल्बम दाखवा. त्यावरही काम गेलं तर ते दुसऱ्या यादीत लिहा.

तुमचा हिशोब काय निघतो ते व्हॉइस नोटवर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि लाँचमध्ये कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात ठेवा!