ताण त्वचेवर नको

फेसलिफ्ट म्हणजे सैल त्वचा ओढून घट्ट करणं, हा समज विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शस्त्रक्रियांनीच रुजवला. कानाजवळची त्वचा थोडी कापायची, उरलेली ताणून शिवायची, एवढंच तेव्हा होत असे. पण त्वचा स्वभावतःच लवचीक. ताण दिला की ती हळूहळू पुन्हा सैलावते. शिवाय व्रण रुंदावतो, कानाची पाळी खाली ओढली जाते आणि चेहरा वाऱ्याच्या झोतात धरल्यासारखा दिसतो. स्वीडनच्या टॉर्ड स्कूग यांनी 1974 मध्ये खोलवरचा थर त्वचेसकट उचलण्याची पद्धत मांडली. मग 1976 मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी चरबीखालच्या त्या तंतुमय थराचं, ‘स्मास’चं, सविस्तर वर्णन केलं. भार या थरानं पेलावा आणि त्वचा नुसती वर अंथरावी, हेच मला शास्त्रशुद्ध वाटतं.

यावर रास्त आक्षेप असा, की चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस याच थराच्या खाली असते. खोल जाणं म्हणजे तिच्याशी जवळीक. खरं आहे, म्हणूनच इथे शल्यविशारदाचा अनुभव तंत्राच्या नावापेक्षा मोलाचा. 2009 मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्यांवरच्या चार वेगवेगळ्या शस्त्रक्रियांचा दहा वर्षांचा आढावा प्रसिद्ध झाला. कोणतं तंत्र सरस, याचा निवाडा चार चेहऱ्यांवरून होत नाही, हे उघडच. रक्त साकळणं ही मात्र कुठल्याही पद्धतीतली नेहमीची गुंतागुंत. रक्तदाब वाढलेला असेल तर धोका अधिक. धूम्रपानानं त्वचेचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून ते काही आठवडे आधीच थांबवायला सांगतात. आणि बारीक सुरकुत्या, काळे डाग? ते या शस्त्रक्रियेनं जात नाहीत. त्यांचे उपचार वेगळे.