चखणा आपला, चावी कोणाकडे?

आजचा भाग लहानपणीच्या खाऊवर. बोटांत घालून खायच्या पिवळ्या नळ्या, प्लास्टिकच्या पिशवीतली पेप्सी, आणि ओठांत धरून ऐट करायची ती गोड फँटम सिगारेट. यादी तुमच्याकडेही असेलच. माझ्या यादीत अजून एक आयटम आहे: परमिट रूमचा चखणा.

हसू नका. 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' अशी पाटी आपल्याकडे गावोगावी दिसते. बाबा आणि त्यांचे मित्र बसायचे खाली, आई, काकू आणि आम्ही पोरं वरच्या फॅमिली सेक्शनला. मसाला पापड, कांदा-लिंबू मारलेले शेंगदाणे, चना कोळीवाडा आणि थम्सअप. आमच्यासाठी ती पार्टीच होती, आणि चव अजून जिभेवर आहे.

आता नियम बघू. 'परमिट रूम' हे नावच कायद्यातून आलंय. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. बिअर आणि वाइनसाठी वय २१, व्हिस्की-रमसाठी २५. शेजारी गोव्यात सगळ्यालाच २१. आणि लहान मुलाला दारू दिली, किंवा त्याच्याकडून दारूची ने-आण करून घेतली, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणजे "जा रे, कोपऱ्यावरून एक क्वार्टर घेऊन ये" हा काकांचा प्रेमळ हुकूमसुद्धा साधी गोष्ट नाही.

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीने दोन तरुण इंजिनिअरना उडवलं. माझ्याच फील्डमधली, माझ्याच वयाच्या आसपासची माणसं. त्यानंतर पबवर कारवाई झाली, दारात आयडी बघायला लागले. चांगलंच झालं. पण आयडी बघून एवढंच कळतं, की पिणाऱ्याचं वय किती.

माझ्या लहानपणी मला कुणी एक थेंब दिला नाही. त्या बाबतीत नियम शंभर टक्के पाळला गेला. पण चखणा संपला की आम्ही घरी जायचो कसे? स्कूटरवर. चालवायला बाबा, मध्ये मी, मागे आई. बाबांनी किती घेतलीये, हे वेटरने विचारलं नाही, आईने विचारलं नाही, आणि मला तर विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. काही झालं नाही, ते नशीब.

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण हा नियम लागू होतो रस्त्यावर, पोलीस भेटले तर. टेबलावर तो आपल्यालाच लावावा लागतो.

आता आपल्या ग्रुपमध्ये लग्नं झालीयेत, पोरं आलीयेत. त्यांना घेऊन जा, पापड खाऊ द्या, त्यांच्याही आठवणी होऊ द्या. फक्त पहिली ऑर्डर द्यायच्या आधी ठरवा, आज गाडी कोण चालवणार. जो चालवणार, त्याला थम्सअप. कुणीच तयार नसेल तर रिक्षा किंवा कॅब.

तुमच्या खाऊची यादी व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात!