ठिणगी आणि कुंपणाची तार

मंडळी, नशिराबादहून जळगावला रोज कितीतरी फटफट्या धावतात. फटफटीची बॅटरी 12 व्होल्टची. तिला कोरडे बोट लागले तर काहीच जाणवत नाही. पण इंजिन चालू असताना प्लगच्या तारेचा धक्का बसला, तर माणूस हात झटकून दूर होतो. एवढा जोर कुठून आला? आज आपण तेच पाहू.

हा जोर कॉइलमधून येतो. कॉइलच्या मधोमध लोखंड असते. त्यावर तांब्याच्या दोन तारा गुंडाळतात. एक जाड, तिचे वेढे थोडे. दुसरी केसासारखी बारीक, तिचे वेढे हजारो. जाड तारेतून बॅटरीची वीज वाहते, तेव्हा लोखंड चुंबक बनते. मग ती वीज एकदम तोडतात. चुंबकाचा जोर क्षणात ओसरतो, आणि ओसरता ओसरता बारीक तारेच्या प्रत्येक वेढ्यात विजेचा दाब उठतो. सगळ्या वेढ्यांचा मिळून 10 ते 20 हजार व्होल्ट दाब होतो. प्लगच्या टोकांत एक मिलीमीटरहून कमी फट असते. तेवढ्यात ठिणगी उडते नि पेट्रोलची वाफ पेटते.

तोडल्याने जोर कसा वाढेल, असे कुणी विचारील. मळ्यात पाइपातून पाणी जोरात चालले असता व्हॉल्व्ह एकदम बंद करा. पाइप कसा दणकतो! तसेच काहीसे हे आहे.

ठिणगीतली वीज सेकंदाला लाखो वेळा मागेपुढे हेलकावते. तिच्या लहरी चहूकडे पसरतात. म्हणून तर जुनी फटफटी जवळून गेली की रेडिओ खरखरतो. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली कलकत्त्यात ठिणगीच्या लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली. मध्ये तार नव्हती, बरे का!

आता वावरातली गोष्ट. रानडुकरे आणि रोही यांच्यापायी रात्र रात्र जागावे लागते. म्हणून कुंपणाला झटका मशीन लावतात. त्यातही कॉइलच. दाब हजारो व्होल्टचा, पण वीज अगदी थोडी. तीही सेकंदातून एकदा येते आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी संपते. जनावर दचकते नि मागे फिरते.

काही जण म्हणतात, मशीनला पैसे कशाला? घरची वीज 230 व्होल्टचीच, तीच जोडू तारेला. इथेच घात होतो. ही वीज मध्ये थांबत नाही. मूठ आवळते, तार सुटत नाही, हृदय बंद पडते. अशा तारांनी महाराष्ट्रात कितीतरी माणसे गेली. कुणी शेजारी पाणी भरायला निघाला होता, कुणी स्वतःच लावलेली तार विसरला होता. कायद्यानेही हा गुन्हा आहे. आम्ही तर म्हणतो, पीक गेले तरी चालेल, पण ही तार नको.

कुणी तारेला चिकटलेला दिसला, तर त्याला हात लावू नका. आधी वीज बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या बांबूने तार दूर सारा, आणि त्याला लगेच दवाखान्यात न्या.