कल्पना कुणालाही सुचते



पूर्वी भर समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम नेमकं कुठं आहे, ते कळत नसे. जहाजं खडकांवर आपटत, माणसं बुडत. १७१४ साली ब्रिटनच्या संसदेनं उपाय शोधणाऱ्याला २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस जाहीर केलं. मोठमोठे पंडित चंद्र-ताऱ्यांत उत्तर शोधत होते. जॉन हॅरिसन या सुतारकाम करणाऱ्या माणसानं मात्र हलत्या जहाजावरही अचूक वेळ दाखवणारं घड्याळ बनवलं. पण परीक्षक नवनव्या अटी घालत राहिले. उरलेले पैसे हाती आले, तेव्हा हॅरिसन ८० वर्षांचे होते!

आमच्या बचत गटानंही सांडपाण्यावर कल्पना-स्पर्धा ठेवली. पेटीत चिठ्ठ्या आल्या चारच. ज्यांना लिहिता येत नाही, त्या गप्प राहिल्या. मग आम्ही म्हटलं, तोंडी सांगा. एक आजी म्हणाल्या, "नळाखालचं पाणी चर काढून शाळेच्या शेवग्यांना द्या की!" आठवड्यात चर झाला, बक्षीसही त्याच दिवशी दिलं.

तुम्हीही अशी स्पर्धा घ्या. प्रश्न एकच ठेवा, अटी आधीच सांगा, सगळ्यांना बोलू द्या. आणि शब्द दिलात, तर तो वेळेवर पाळा.