इतिहासाच्या तासाला धर्म



युरोप-अमेरिकेचा इतिहास महाविद्यालयात शिकवला जातो तेव्हा बहुतेकदा त्याचे आधीच तुकडे पाडलेले असतात. राजकारण एका प्रकरणात, समाज दुसऱ्यात, आणि धर्म मागे कुठेतरी, वेळ उरला तर. विद्यार्थी ल्यूथरचं १५१७ साल पाठ करतो, वेस्टफालियाच्या तहाचं १६४८ही पाठ करतो. पण या दोन सालांच्या मध्ये युरोप धर्मावरून किती पेटला होता, आणि त्या आगीतूनच पुढची राज्यव्यवस्था कशी आकाराला आली, हे त्याच्या हाती लागत नाही. मला यात विद्यार्थ्याचं मोठं नुकसान दिसतं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झालं १८६१ मध्ये. पण देश फुटण्याच्या कितीतरी आधी तिथली चर्च फुटली होती. १८४४ साली न्यूयॉर्कला मेथडिस्ट चर्चचं अधिवेशन भरलं. जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू यांच्याकडे वारशातून आणि लग्नातून गुलाम आले होते. गुलामांचा मालक बिशपपदावर चालेल का, हा प्रश्न होता. ही अडचण दूर होईपर्यंत त्यांनी काम पाहू नये, असं बहुमतानं ठरलं आणि दक्षिणेकडच्या मंडळींनी वेगळी चूल मांडली. पुढच्याच वर्षी बाप्टिस्टांचं तेच झालं. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून नेमायचं की नाही, यावरून दक्षिणेकडच्या बाप्टिस्टांनी ऑगस्टा इथं आपलं स्वतंत्र अधिवेशन स्थापन केलं.

हा काही पाद्र्यांचा आपसातला तंटा नव्हता. मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट हे त्या देशातले सर्वांत मोठे पंथ. उत्तरेतला शेतकरी आणि दक्षिणेतला मळेवाला यांना एका संघटनेत बांधून ठेवणारं असं दुसरं फार थोडं होतं. सिनेटर जॉन कॅलहून यांना हे नेमकं दिसलं होतं. ते गुलामगिरीचे कट्टर समर्थक. मार्च १८५० मध्ये ते इतके आजारी होते, की सिनेटमधलं त्यांचं भाषण सहकाऱ्याला वाचून दाखवावं लागलं. संघराज्याला बांधणारे धागे एकेक करून तुटताहेत, असं त्यात त्यांनी बजावलं, आणि त्या धाग्यांत या चर्चचा उल्लेख केला. त्याच महिन्यात ते वारले.

आता याच्या शेजारी फ्रेडरिक डग्लस यांना ठेवा. गुलामीतून निसटलेल्या या माणसाचं आत्मचरित्र १८४५ सालचंच. त्याच्या परिशिष्टात त्यांनी ख्रिस्ताचा धर्म आणि गुलामांच्या मालकांचा धर्म यांत स्पष्ट फरक केला आहे. बायबल एकच, आणि वाचणारे दोन. हे समाजाच्या प्रकरणात घालायचं, राजकारणाच्या की धर्माच्या?

वर्गात धर्म आणला की वाद होतील, अशी भीती अनेकांना वाटते. तीही खोटी नाही. पण १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पेनसिल्व्हेनियातल्या एका खटल्यात यावर वाट दाखवली. सरकारी शाळेत रोज भक्तिभावानं बायबल वाचून घेणं न्यायालयानं घटनाबाह्य ठरवलं. त्याच निकालात मात्र धर्माचा तटस्थपणे, इतिहास म्हणून अभ्यास करायला हरकत नाही, असंही सांगितलं. पूजा वेगळी आणि अभ्यास वेगळा, हे शिक्षकानं मनाशी पक्कं केलं, की निम्मी भीती जाते.

धर्म, समाज आणि राजकारण यांची ही सांगड आपल्या मातीतल्या दोन माणसांनी फार आधी ओळखली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. आणि १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अर्थशास्त्राबरोबर इतिहासाचेही वर्ग केले. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात ते ल्यूथर आणि प्युरिटन पंथ यांचा आधार घेतात. आधी धर्मात आणि समाजात उलथापालथ होते, मग राजकीय मुक्ती येते, हा त्यांचा मुद्दा. तो मान्य करा अगर खोडून काढा. पण प्रकरणांचे कप्पे करून शिकलेल्या विद्यार्थ्याला यातलं काहीच करता येणार नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. अभ्यासक्रमातली दोन-चार प्रकरणं खुशाल कमी करा, आणि त्या जागी मूळ कागद वाचायला द्या. १८४४ च्या अधिवेशनाचा ठराव, कॅलहून यांचं भाषण, डग्लस यांचं परिशिष्ट, फुल्यांची अर्पणपत्रिका. आणि त्यांच्यासोबत आणखी एक कागद: दक्षिणेकडच्या त्याच बाप्टिस्ट अधिवेशनानं जून १९९५ मध्ये, स्थापनेला दीडशे वर्षं झाल्यावर, गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल कृष्णवर्णीयांची माफी मागणारा ठराव केला, तो.